पुढचा लाल दिवा

"यामिनी, गाडी थांबव. मला उतरायचंय."

"आत्ता? आत्या, दहा-पंधरा मिनिटांत मुक्कामाला पोचतोय आपण."

"तेवढा वेळ माझ्या हातात असता तर बोलले नसते."

मी ब्रेक दाबला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कोल्हापूरकडं सासूला आत्या म्हणायची रीत आहे. त्या वेळी त्यांना बहात्तरावं चालू होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत झोपायला निघाल्या होत्या. पुढची गाडी विश्वासरावांची. त्यांच्या मागचे दोन लाल दिवे धुक्यात हळूहळू फिके होत गेले आणि विझल्यासारखे नाहीसे झाले. थांबतोय म्हणून कळवायला मी वॉकीटॉकी उचलला, तर नुसती खरखर.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, दुपारचे साडेचार. आजऱ्याच्या पश्चिमेला करंजाळीचा सडा म्हणून जांभ्या दगडाचं मोठं पठार आहे. दोन-अडीच मैल लांब, कातळाच्या फटींतून गवत आणि कारवी, मध्यावर म्हसोबाची एक घुमटी. घुमटीपाशी गाड्या लावायच्या, ताडपत्री बांधायची, चूल पेटवायची, रात्री गाडीतच झोपायचं, असा बेत. पश्चिमेला सडा एकदम तुटतो. खाली कोकण.

धुकं पाच मिनिटांत आलं होतं. आधी डोंगराच्या कडेवर कापसासारखं दिसलं, मग कारवी गेली, मग वाट गेली. आत्या दोन मिनिटांत परत आल्या, पदर झटकत सीटवर चढल्या आणि म्हणाल्या, "भाताच्या पेजेत बुडाल्यासारखं झालंय."

विश्वासराव खानविलकर हे माझ्या नवऱ्याचे, संग्रामचे मित्र. शिरोलीच्या पुढं त्यांचं गॅरेज. संग्राम गेल्यावर दीड वर्ष आमची जीप दारात ताडपत्रीखाली उभी होती. संग्रामनं ती स्वतः बांधून घेतली होती, मागं फळी टाकून गादी, फळीखाली पाण्याची टाकी, स्टोव्हचा कप्पा. चव्वेचाळिसाव्या वर्षी, दुकानात पंपाची पावती लिहिता लिहिता त्यानं काउंटरवर मान टाकली. मी जीपकडं बघतसुद्धा नव्हते. एक दिवस आत्यांनीच ताडपत्री ओढून काढली. म्हणाल्या, "एक तर वीक, नाहीतर चालव. दारात तिरडीगत झाकून ठेवू नको." मग विश्वासरावांनी मला जुन्या खाणीत नेऊन शिकवलं. चढ, उतार, चिखल, लो गिअर. आणि एक नियम पुन्हा पुन्हा सांगितला. धुक्यात पुढच्याचा दिवा सोडायचा नाही. दिवा सुटला की आहे तिथं थांबायचं, तीनदा हॉर्न द्यायचा, वाट बघायची. आपल्या अकलेनं फूटभरही पुढं जायचं नाही.

मी तीनदा हॉर्न दिला. आवाज समोरच्या पांढऱ्यात शिरला आणि तिथंच बसला. उत्तर आलं नाही.

"तो बघ," आत्या म्हणाल्या. "थांबलाय की आपल्यासाठी."

थोडं डावीकडं, पुढं, एक लाल दिवा होता. एकच. दुसऱ्याचा बल्ब गेला असेल असं मी धरून चालले. मी क्लच सोडला तसा तो दिवाही हलला आणि पुढं चालू लागला. जीव भांड्यात पडला. मी त्याच्या मागं निघाले.

माणूस चालेल त्या वेगानं चाललो होतो. काचेवर पाणी साचत होतं, वायपर कुरकुरत होता. डाव्या बाजूची कारवी मधूनच आरशाला घासून जायची. मला दिसत होतं ते एवढंच, बॉनेटचं टोक, त्याच्या पुढं दहा-बारा फूट ओला कातळ आणि त्यापलीकडं तो लाल ठिपका. गाडी दिसत नव्हती, तिचा आवाजही येत नव्हता. आमच्याच इंजिनाचा आवाज एवढा होता की दुसरा कळला नसता.

"विश्वासराव, आवाज येतोय का? ओव्हर."

खरखर.

"खोलगटात आहोत बहुतेक," मी म्हटलं.

आत्यांना ते ऐकू गेलं नसावं. उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं आणि मी उजवीकडं बसलेली. त्यामुळं मोठ्यानं बोलावं लागे, नाहीतर गप्प बसावं लागे.

वीस मिनिटं झाली असतील. घुमटी एव्हाना यायला हवी होती. तेवढ्यात पुढचा दिवा थांबला. मी थांबले. हेडलाइट दोनदा मिचकावले. काही नाही. हॉर्न दिला. काही नाही. तो दिवा तसाच, ना लांब ना जवळ. मिनिटभरानं तो पुन्हा निघाला.

"विश्वासला काय झालंय?" आत्या म्हणाल्या. "तोंडात मिठाची गुळणी धरल्यागत."

"वाट शोधत असतील."

पाच-सात मिनिटांनी तो परत थांबला. या वेळी बराच वेळ. तीन मिनिटं, चार मिनिटं. आम्ही दोघी त्या दिव्याकडं बघत बसलो. आजारी माणसाकडं आपण असं बघतो, आता हलेल, मग हलेल. शेवटी मी म्हटलं, मी चालत जाऊन बघते. दार उघडलं, एक पाय खाली टेकवला. तेवढ्यात दिवा निघाला.

मी पाय वर घेतला. अंगावर काटा आला होता, पण ते थंडीनं असं मी स्वतःला सांगितलं.

थोडं पुढं गेलो आणि वॉकीटॉकी अचानक स्वच्छ बोलला. इतका स्वच्छ की विश्वासराव मागच्या गादीवर बसलेत असं वाटावं.

"यामिनीताई, कुठं आहात तुम्ही? आम्ही घुमटीपाशी येऊन वीस मिनिटं झाली. चहासुद्धा झाला. आहात तिथं थांबा. एक पाऊल हलू नका, मी येतो चालत. ऐकलं का? ओव्हर."

वॉकीटॉकी माझ्या मांडीवर होता. बटण दाबून "ऐकलं" एवढंच म्हणायचं होतं. मी दाबलं नाही. आत्या डावीकडच्या काचेतून बाहेर बघत होत्या. त्यांना ऐकू गेलं नाही असं मला वाटलं आणि बरं वाटलं. का बरं वाटलं ते मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

समोर लाल दिवा होता. तो विश्वासरावांचा नव्हता. सड्यावर तिसरी गाडी नव्हती, निदान वर चढताना आम्हाला कुणाची दिसली नव्हती.

मी ब्रेकवरचा पाय काढला.

कारवी संपली. चाकांखाली कातळाऐवजी गवत आलं, गाडी एकदम मऊ चालायला लागली. खडखड थांबली तशी शांतता आत आली. आणि धुक्याची हालचाल बदलली. इतका वेळ ते समोरून आडवं वाहत होतं. आता ते बॉनेटच्या पुढून वर जात होतं, उकळत्या पातेल्याची वाफ जाते तसं.

आत्यांचं माहेर घाटमाथ्यावरचं. काच थोडी खाली करून त्यांनी तळहात बाहेर धरला.

"वारा खालनं यायला लागला," त्या म्हणाल्या. एवढंच. थांब म्हणाल्या नाहीत.

मला त्याचा अर्थ कळत होता. वारा खालून कुठं येतो हे कळायला घाटमाथ्यावर जन्मायला लागत नाही. पण पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता आणि तो माझा नसल्यासारखा तिथंच होता. दिव्याच्या आणि आमच्या मधलं अंतर कमी झालं. पहिल्यांदाच मला त्याच्याभोवती गाडीची मागची बाजू अंधुक दिसली. ताडपत्रीचं जुनं छत, चेपलेला पत्रा.

आणि तो दिवा भडकन मोठा झाला. ब्रेक.

मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. आत्यांचं कपाळ समोर आदळता आदळता राहिलं. त्या गाडीपासून आमचं बॉनेट पाच-सहा हातांवर होतं.

तिचं उजवं दार उघडलं. एक माणूस उतरला आणि आमच्या हेडलाइटच्या उजेडात आला. साठीचा, अंगानं भरलेला, पांढरा सदरा, पायात चपला. दोन्ही हात पसरून तो आमच्या गाडीसमोर उभा राहिला, गुरं अडवतात तसा.

"मागं घ्या," तो ओरडला. "मागं घ्या गाडी. पुढं काय नाही."

मी काच खाली केली. "तुम्ही कोण?"

"कोण का असंना. वाट चुकलाय तुम्ही. आल्या चाकोरीनं मागं जावा." मग उजेडावर हात धरून त्यानं आत बघितलं. आम्हा दोघींना पाहून त्याचा आवाज उतरला. "बायामाणसं आहात की तुम्ही. एकट्याच?"

"आणि तुम्ही?" आत्यांनी विचारलं.

"माझं मी बघतो."

तो वळला, जाऊन आपल्या गाडीत बसला. दार ओढून घेतलं. इंजिन चालूच होतं. मी रिव्हर्स गिअर शोधत होते. तेवढ्यात आत्यांनी त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"आत्या, कुठं चाललाय?"

"बस तू."

बॉनेटला हात लावत लावत त्या आमच्या उजेडातून चालत गेल्या. एक म्हातारी, हिरवं इरकली लुगडं, अंगावर संग्रामचा जुना स्वेटर. त्या गाडीच्या डाव्या बाजूला गेल्या, दिसेनाशा झाल्या. मग दार लागल्याचा आवाज आला.

मला राग आला. खरंच राग आला. अनोळखी माणूस, असली जागा, आणि ही बाई जाऊन त्याच्या शेजारी बसते. मी उतरून मागोमाग गेले. त्यांच्या खिडकीपाशी पोचले तर आत्या आरामात मांडी सैल करून बसलेल्या. मांडीवर रुमालाचं एक छोटं गाठोडं, आमच्या गाडीतून उतरताना ते त्यांच्या हातात नव्हतं.

"अहो आजी, उतरा," तो माणूस म्हणत होता. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि तो समोर बघत होता.

"गुडघे गेलेत माझे," आत्या म्हणाल्या. "चढाय येतंय, उतराय येत न्हाई."

"मघाशी तर उतरला."

"तेव्हाच गेले."

"आजी, माझ्या मागं लागू नका."

"तुमच्या मागं कुठं, शेजारी बसलेय." मग माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "ही माझी सून. आत्ता सहा महिन्यांखाली शिकलीय. धुक्यात हिला मागं घेता येत न्हाई. तुम्ही ड्रायव्हर दिसताय."

"कशावरनं?"

"बसल्यावरनं."

वायपर फिरत होता. त्याच्या बॉनेटच्या पुढं मला जमीन दिसली नाही, नुसतं पांढरं, वर वर जाणारं.

"तिला शंभर पावलं मागं काढून द्या," आत्या म्हणाल्या. "माझा एकच ल्योक होता, तो गेला. आता ही एवढीच हाय. हिला काढून द्या. मग मी उतरते, मग तुमचं तुम्ही बघा."

मग त्यानं हात पुढं केला, किल्ली फिरवली आणि इंजिन बंद झालं. इतकी शांतता झाली की खालून, फार खालून, कुठल्या तरी देवळातली घंटा ऐकू आली. कोकणातली.

तो उतरला. आमच्या गाडीच्या मागं जाऊन त्यानं मोबाइल शोधायला खिसा चाचपला, खिशात नव्हता. माझी बॅटरी मी त्याला दिली. बॅटरी हातात आली आणि तो माणूस बदलला. आवाज बदलला, उभं राहणं बदललं.

"आरशात फक्त बॅटरी बघायची, ताई. धुक्याकडं बघायचं नाही. स्टिअरिंग सरळ. येऊ द्या. येऊ द्या. येऊ द्या. थोडं ड्रायव्हर साइडला... हं. येऊ द्या."

बॅटरी डावीकडं हलली की मी डावीकडं, उजवीकडं की उजवीकडं. आयुष्यात इतकं कुणाचं निमूट ऐकलं नव्हतं. शंभर पावलं झाली असतील, कारवी लागली, त्यानं मूठ आवळली. "बास. हँडब्रेक ओढा." मग तो स्वतःची गाडी आणायला गेला. दोन मिनिटांनी तो एकच लाल दिवा धुक्यातून उलटा आमच्याकडं येताना दिसला. आत्या आतच होत्या.

मग मी वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

हॉर्नच्या आवाजावर विश्वासराव आणि त्यांची बायको मालनवहिनी आम्हाला शोधत आले तेव्हा अंधार पडला होता. त्यांनी मला रागावायला तोंड उघडलं आणि आत्यांनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते गप्पच झाले. तिथंच ताडपत्री बांधली. मालनवहिनींनी झुणका केला, घरून आणलेल्या भाकऱ्या गरम केल्या. त्या माणसानं नको नको म्हणत अर्धी भाकरी खाल्ली. नाव शिवलिंग तोडकर. गाव गडहिंग्लज. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर.

"मालक एकटेच फिरता?" मालनवहिनींनी विचारलं.

"दोघं फिरायचो," ते म्हणाले.

झोपायची वेळ आली तशा आत्या म्हणाल्या, "मी पाहुण्यांच्या गाडीत मागं झोपते. आमच्या गाडीत गार लागतंय." तोडकर बाहेर शेकोटीपाशी घोंगडी घेऊन बसले, विश्वासराव त्यांच्यासोबत. तोडकरांच्या गाडीची किल्ली आत्यांनी कधी आणि कशी मागून घेतली कुणास ठाऊक, पण ती त्यांच्या कनवटीला होती.

सकाळी जाग आली तर लख्ख ऊन. धुकं सगळं खाली उतरून दरीत भरलं होतं, वर निळं आभाळ. मी उतरले आणि आमच्या कालच्या चाकोरीवरून चालायला लागले. गवत लोळलेलं होतं, चाकांचे पट्टे स्वच्छ दिसत होते. आधी आमचे पट्टे त्यांच्या पट्ट्यांवर बसलेले. मग जिथं मी ब्रेक दाबला तिथं आमचे संपले. पुढं फक्त त्यांचे. तेही संपले. तिथून माझ्या दोन पावलांवर गवत संपलं होतं. खाली काही नव्हतं. फार खाली पांढरं धुकं आणि त्यातून वर आलेली झाडांची एक रांग.

मी तिथंच बसले.

मागून तोडकर आले. माझ्यापासून थोडं लांब, काठापासून बरंच आत, बसले. बराच वेळ खाली बघत राहिले.

"बत्तीस वर्षं गाडी चालवली," ते म्हणाले. "घाट, पूर, दंगली, सगळं बघितलं. एका माणसाला खरचटलं नाही माझ्या हातून. बायको म्हणायची, सगळ्या जगाला फिरवून आणता, मला कधी? रिटायर झालो तशी ही जुनी जीप घेतली. मागं गादी टाकली. ती आणि मी, महिन्याला एक जागा. धामापूरला तळ्याकाठी राहिलो, तिलारीला राहिलो. ह्या सड्याचं तिला कुणीतरी सांगितलं होतं. इथं यायचं म्हणून निघालो, आणि पेरणोलीच्या पुढं वळणावर म्हैस आडवी आली." ते थांबले. "वेग नव्हता हो ताई. चाळीससुद्धा नव्हता. गाडीची मागची बाजू झाडावर गेली. ती मागं गादीवर पडली होती, पाठ दुखते म्हणून."

मागच्या पत्र्याचा तो चेपा मला आठवला.

"सात महिने झाले. काल दुपारपासून वरच होतो. धुकं आलं म्हणून निघालो, आणि आरशात तुमचे दिवे आले. म्हटलं, जाऊ द्यावं ह्यांना पुढं. थांबलो. तर तुम्ही थांबला. निघालो, तर तुम्ही निघाला. परत थांबलो, चांगला चार-पाच मिनिटं. तुम्ही जागच्या हलेनात." ते किंचित हसल्यासारखे झाले. "खरं सांगू? मला भ्या वाटाय लागलं. म्हटलं, हे माणूस न्हवं. तिलाच राग आलाय, ती आलीय मागनं."

मी मागं वळून त्यांच्या जीपकडं बघितलं.

"मग म्हटलं, असंना. जाऊ या. आणि शेवटी आरशात बघितलं, सवय हो, बघितल्याशिवाय पाय हलत नाही. तुमचे दिवे एकदम जवळ. मी गेलो असतो तर मागनं तुम्ही आला असता. आणि आत कोण, किती माणसं, मला माहीत न्हाई. मागं पासिंजर असल्यावर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. उजव्या पायाकडं बघत म्हणाले, "ह्यानं ब्रेक मारला. मी न्हाई मारला."

खाली दरीत धुक्याला भोकं पडायला लागली होती. एका भोकातून कौलं दिसली, दुसऱ्यातून रस्त्याचा तुकडा.

"तुम्ही का येत होता मागनं, ताई?" त्यांनी विचारलं. "एवढा वेळ?"

"वाट चुकले होते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

गडहिंग्लजपर्यंत आत्या त्यांच्याच गाडीत बसल्या. पुढं तोडकर, मागं मी, शेवटी विश्वासराव. त्यांच्या घराच्या दारात त्यांची मुलगी उभी होती, रात्रभर न झोपलेली, सोबत गल्लीतली चार माणसं. वडिलांना बघून ती ओट्यावरच खाली बसली. आत्या उतरल्या, गुडघ्यांची काही तक्रार न करता, आणि ते रुमालाचं गाठोडं त्यांनी तिच्या हातात दिलं. सोडलं तेव्हा मी शेजारी होते. घड्याळ, मोबाइल, घराच्या किल्ल्या, आणि तिच्या नावानं घडी घातलेला कागद. मुलीनं कागद उघडला नाही. मुठीत तसाच चुरगळला आणि वडिलांच्या सदऱ्याची बाही धरून ठेवली.

त्यानंतर तोडकर आमच्या गाडीतल्या मुक्कामांना आले ते आलेच. आधी आत्यांनी फोन करून बोलवून घ्यायचं, मग न बोलवता. विश्वासरावांकडं शिकायला येणाऱ्या नवशिक्यांना गाडी मागं घ्यायला त्यांच्याइतकं कुणी शिकवलं नाही. दहा वर्षं आले. मागच्या वर्षाच्या आदल्या वर्षी झोपेतच गेले, आपल्या घरी, दारात गाडी धुऊन ठेवून. आत्या त्यांच्याआधी तीन वर्षं गेल्या.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशी गडहिंग्लजहून निघाल्यावरचं. आत्या परत माझ्या शेजारी बसल्या. संकेश्वर गेलं, हायवे लागला. मग मी विचारलं.

"आत्या, तुम्हाला कधी कळलं, त्यांचं?"

"मागं घ्या म्हणाला तेव्हा. वाट चुकलेला माणूस म्हणतो, चला मागं जाऊ. हा म्हणाला, तुम्ही जावा."

पुन्हा काही मैल गेले. निपाणी मागं पडली. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती, मी एकेकाला ओलांडत होते.

"मीबी ऐकलं होतं," आत्या म्हणाल्या.

"काय?"

"विश्वास काय म्हणाला ते. वायरलेसवर. डावा कान चांगला हाय माझा."

त्या मला धरणार, विचारणार, की मग तू का गेलीस. दोन वर्षं हा प्रश्न कुणी ना कुणी मला कधीतरी विचारेल याची मी वाट बघत होते असं मला त्या क्षणी वाटलं, जरी गोष्ट कालचीच होती.

"मग मला थांबवलं का नाही?" मीच विचारलं. "वारा खालून येतोय हेसुद्धा तुम्हाला कळलं होतं."

त्यांनी स्वेटरची बाही ओढून हाताचा पंजा आत घेतला.

"धुकं असलं की त्योच पुढं चालायचा ना?" त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. संग्राम कायम बॅटरी घेऊन गाडीच्या पुढं चालायचा.

"मला वाटलं, आलाय," आत्या म्हणाल्या. "तुलाबी तेच वाटलं असणार. म्हणून गप बसले."

मी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. आम्ही दोघी समोर बघत होतो. रस्ता मोकळा होता, ऊन होतं, पुढं कुणाचीही गाडी नव्हती.

थोड्या वेळानं आत्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चल. आता तुझ्या अकलेनं चालव."